शेवटची गाडी सव्वासहाची

जून २०२५ मधल्या दोन बातम्या आठवतात? ५ तारखेला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. नागपूरहून थेट मुंबईच्या दारात. चारच दिवसांनी, ९ तारखेच्या सकाळी, दिवा-मुंब्र्याच्या मधे दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. काहींचा जीव गेला. त्यातली एक गाडी कसाऱ्याकडे जाणारी होती.

दोन्ही बातम्यांमध्ये आमचा शहापूर तालुका आहे. समृद्धी आमच्या तालुक्यातून जातो आणि कसारा लोकल म्हणजे तर आमची रोजची गाडी. पण त्या आठवड्यात आमच्या घरात चर्चा तिसऱ्याच गोष्टीची चालू होती. माझ्या चुलत बहिणीला कल्याणच्या कॉलेजात बीएस्सीला अ‍ॅडमिशन मिळत होती. प्रश्न एवढाच होता, की प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि शहापूरहून आमच्या गावाला येणारी शेवटची गाडी सव्वासहाची आहे. बसेल का?

नाही बसत. पाचला लॅबमधून निघालं, धावत स्टेशन गाठलं, कसारा लोकल वेळेवर मिळाली, आसनगावला उतरून शेअर रिक्षा लगेच भरली, तर शहापूरचा स्टँड सहाच्या पुढे कधीतरी येतो. यातलं एक जरी हललं तरी गाडी गेली. मग स्टँडसमोरच्या जीप. त्या भरल्याशिवाय निघत नाहीत आणि अंधार पडल्यावर भरतच नाहीत. मग घरी फोन. मग काका बाइक काढणार, ११ किलोमीटर, पावसात. हे आठवड्यातून एकदा ठीक आहे, पाचदा नाही. बहिणीने सकाळच्या शिफ्टचं बीकॉम घेतलं. कारण विचारलं की ती सांगते, ‘कॉमर्सला स्कोप आहे.’ ते मलाही माहितीये आणि तिलाही, की विषय आवडीने नाही, टाइमटेबलने निवडला.

तुमच्या वर्गातही अशी मुलं-मुली असतील. शेवटच्या लेक्चरला बॅग मांडीवर घेऊन बसणारी, फेस्टच्या कमिटीत कधीच नसणारी, ग्रुप प्रोजेक्टला ‘मी घरून करते’ म्हणणारी. आपण त्यांना ‘लांबून येणारे’ म्हणतो आणि विसरून जातो. मी पण त्यातलीच. तीन वर्षं गावातून दादरपर्यंत ये-जा करून मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली. साडेपाचला घर सोडायचं, पप्पांच्या बाइकवर आटगाव स्टेशन, आठच्या आसपास दादर. येताना उलटं, आणि येताना नेहमी जास्त वेळ लागतो. दिवसाचे पाच तास कुठे गेले नाहीत.

एकदा गाडी टिटवाळ्याला उभी होती म्हणून मी मोबाइलवर हिशोब केला. वर्षाला कॉलेजचे १८० दिवस धरा. पाच तासांनी ९०० तास. आता नव्या शैक्षणिक धोरणात थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, वर्षाला ४४. सगळे थिअरीचे धरले तर ६६० तास. म्हणजे आमचं वर्गात बसणं कमी आणि गाडीत बसणं जास्त. ‘बसणं’ हा शब्द उगाच वापरला, सकाळी सीट मिळते, संध्याकाळी नाही.

गाडी का उभी होती, हेही सांगण्यासारखं आहे. सीएसएमटी ते कल्याण ५४ किलोमीटर. कल्याणपर्यंत स्लो-फास्टचे वेगळे ट्रॅक आहेत. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत सुमारे ६७ किलोमीटर फक्त दोन ट्रॅक, एक जायचा, एक यायचा. त्याच दोन ट्रॅकवरून उत्तर भारताच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आमच्या लोकल. लांबची गाडी लेट झाली की तिला पुढे काढतात आणि लोकल थांबते. तिसऱ्या मार्गिकेचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे दुपारी एक कसारा सुटली की पुढची जवळजवळ तासाभराने. डोंबिवलीच्या मैत्रिणीला लोकल चुकली तर ती म्हणते ‘पुढची पकडू’. आम्हाला लोकल चुकली की सव्वासहाची गाडी चुकते आणि ती चुकली की दिवसच चुकतो.

मुंब्र्याच्या अपघातानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली, ऑफिसच्या वेळा पुढेमागे करण्याची चर्चा झाली. दारं बंद व्हायलाच हवीत. पण माणूस दारात का लटकतो? पुढची गाडी दहा मिनिटांत असेल तर बरेच जण सोडतील. तासाने असेल तर कोण सोडणार? (आणि खरं सांगायचं तर आम्ही कसारावाले काही साधुसंत नाही. ‘टिटवाळा लोकलने जा ना, इथे कशाला चढता’ असं दारातून ओरडणाऱ्यांत मीही एकदा होते.)

आता सरकार काहीच करत नाही असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नाहीये. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना. मी त्याच पासावर शिकले. बारावीनंतर तिसरा हिस्सा भरून विद्यार्थी पास मिळतो. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण हे सगळं पैशाबद्दल आहे. पास फुकट असला तरी गाडी हवी ना! आमच्या गावात पूर्वी मुक्कामाची गाडी यायची. रात्री साडेआठला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, पहाटे गाडी भरून जायची. कोविडमध्ये ती बंद झाली ती झालीच.

कोविडवरून आठवलं. आमची बॅच बारावीची परीक्षा न देता पास झालेली, त्यावरून टोमणे खूप ऐकले. २० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली कॉलेजं उघडली. मी नवा ड्रेस घालून निघाले. दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत पूर्ण मिटला नाही. संप करणाऱ्यांची बाजू आम्हाला पटत होती, गावातले दोघे एसटीतच होते. पण त्या सहा महिन्यांत माझ्यासोबत दहावीपर्यंत शिकलेल्या तीन मुलींनी कॉलेज सोडलं. कोणी काढलं नाही, कोणी ‘शिकू नको’ म्हणालं नाही. रोज जीपचे पैसे आणि रोज घरचा माणूस स्टेशनवर, हे जमेना इतकंच. तिघींचीही लग्नं झाली आहेत. एकीला मुलगा आहे.

‘मग शहरात राहायला का येत नाही?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. एक तर भाडं. दुसरं, गाव नकोसं झालंय असं नाहीच. आमचं घर आहे, भाताची शेती आहे, जुलैमध्ये लावणीला सगळे लागतात. उलट शहरातली माणसं आमच्याकडे येतायत. वासिंद-आसनगावला टॉवर उभे राहतायत, जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं, निसर्गाच्या कुशीत’. निसर्ग आहे हे खरं. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणंही आमच्याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. आणि समृद्धी? आमच्या टेकडीवरून रात्री तो छान दिसतो, दिव्यांची रांग. त्यावर दुचाकीला बंदी आहे. पप्पांची बाइक त्याच्या खालून जाते.

हॉस्टेलसाठीही प्रयत्न केला होता. खिडकीवरच्या मॅडम फॉर्म बघून म्हणाल्या, ‘तुमचा तर लोकलचा पट्टा आहे, कोल्हापूर-लातूरच्या मुलींना आधी द्यावं लागतं.’ त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. फॉर्मवर ‘घरापासून कॉलेजचं अंतर’ असा रकाना होता आणि तो किलोमीटरमध्ये भरायचा होता. तासांत असता तर आम्ही कोल्हापूरवाल्यांच्या थोडे जवळ गेलो असतो. शहराच्या दृष्टीने आम्ही जवळचे. गावाच्या योजनांच्या दृष्टीने आम्ही मुंबईवाले. दोन्हीकडून मधेच लटकलेले, दारातल्या प्रवाशासारखे.

आणि आम्ही किती आहोत हे नेमकं मोजलेलंही नाही. २०११ च्या जनगणनेत कामाला जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं होतं, पण ते शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना. शिकायला जाणाऱ्यांना तो प्रश्नच नव्हता. आता २०२७ ची जनगणना येतेय. प्रगणक दारात आला की तो आमच्या गावच्या मुलींची ‘विद्यार्थी’ म्हणून नोंद करेल. ती मुलगी पहाटे पाचला उठते, हे त्या कागदावर कुठे येणार? ज्या प्रवाशांची नोंदच नाही त्यांच्यासाठी शेवटच्या गाडीची वेळ कोण बदलणार? लोकल आणि एसटी दोन्ही सरकारीच, पण सव्वासहाची गाडी लोकलची वाट बघत नाही. अर्धा तास, बास. ती पावणेसातला सुटली असती तर घरात एक बीएस्सी झाली असती.

बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग असं सगळं क्रेडिटमध्ये धरलंय. कल्पना उत्तम आहे, आमच्या वेळी ही हवी होती. तिला ठाण्याच्या एका सीएच्या ऑफिसात ट्रेनिंग मिळतंय. वेळ दहा ते सहा. स्टायपेंड नाही. शहापुरात एका दुकानाचं अकाउंट बघायचं कामही मिळतंय, तिथून गाडी स्टँडवरच आहे. दोन्हीचे क्रेडिट सारखेच, मार्कशीटवर फरक दिसणार नाही. काकांनी विचारलं, ‘मग लांब कशाला जायचं?’ त्यांना काय उत्तर देणार, रात्री बाइक घेऊन तेच येणार आहेत.

परवा रात्री तिचा मेसेज आला, ‘ताई, कल्याणला दोन महिन्यांसाठी कोणी पीजी देतं का? चौघी मिळून घेतलं तर किती पडेल?’ मी चौकशी करतेय. शुक्रवारपर्यंत तिला ऑफिसात कळवायचंय.