फॉर्म भरला, उत्तर कुठे आहे?

दुपारी दोन ते चार ही वेळ सर्व्हेवाल्यांची. जेवणं उरकलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात. बेल वाजते आणि दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या दोन मुली दिसतात. ‘काकू, पाचच मिनिटं. युनिव्हर्सिटीचा प्रोजेक्ट आहे.’ बिचाऱ्या उन्हातून आल्यात म्हणून आपण त्यांना आत बोलावतो, पाणी देतो. मग घरात माणसं किती, कमावतं कोण, पाणी किती वाजता येतं, बाळंतपणं किती झाली, पाळी नियमित आहे का, नवरा पितो का, सगळं सांगतो. सख्ख्या बहिणीला सांगितलं नसेल तेही सांगून जातो. पाच मिनिटांचा तास होतो. सही घेऊन मुली निघतात आणि आपण पुन्हा कामाला लागतो.

पुढे त्या कागदांचं काय होतं, हा प्रश्न मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी विचारतात?

ठाण्यातल्या वस्त्यांमधून आणि कल्याण-डोंबिवलीच्या चाळींमधून बचत गटांचं काम करताना मला हा प्रश्न सारखा पडतो. एका वस्तीत तर पाण्याच्या प्रश्नावर दोनदा पाहणी झाली. दोन्ही वेळा बायकांनी कामावर खाडा करून माहिती दिली. निष्कर्षाचा एक कागदसुद्धा वस्तीत परत आला नाही. तिसऱ्या वेळी मुली आल्या तेव्हा एका आजींनी दारातूनच सांगितलं, ‘बाई गं, आधीचं उत्तर आण, मग नवा प्रश्न विचार.’ मला त्या आजींचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

आता हे प्रोजेक्ट चालतात कसे, ते थोडं समजून घेऊ. विद्यापीठात प्राध्यापकांना पगार मिळतो, पण संशोधनाचा खर्च वेगळा असतो. फिरायला माणसं लागतात, रक्त तपासायला प्रयोगशाळा लागते, हिशेब मांडायला संगणक लागतो. हा पैसा बहुतेक वेळा बाहेरून येतो. कधी केंद्र सरकारच्या विभागांकडून, कधी वैद्यकीय किंवा समाजविज्ञान संशोधन परिषदेकडून, कधी कंपनीकडून, तर कधी परदेशातल्या एखाद्या न्यासाकडून. प्राध्यापक अर्ज करतात, प्रश्न मांडतात, आणि पैसे देणाऱ्याला प्रश्न पटला तर काम सुरू होतं. म्हणजे कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, हे ठरवण्यात पैसे देणाऱ्याचा हात असतोच.

बाहेरचा पैसा म्हणजे वाईटच, असं मात्र मुळीच नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा हाताशी फार थोडं होतं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आपलं एसएनडीटी. त्या पैशाने किती घरांतल्या मुली पदवीधर झाल्या, हे वेगळं सांगायला नको.

पुण्याचं उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. पैसा होता लंडनच्या वेलकम ट्रस्टचा आणि सोबत होतं इंग्लंडमधलं साउदम्प्टन विद्यापीठ. या शेतकरी बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. निष्कर्ष असा निघाला, की ज्या बायकांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं वजनाने बरी होती. दुसरी गोष्ट अधिक चकित करणारी होती. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कमी, हातापायांनी बारीक, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही लवकर मधुमेह का होतो, याचं एक मूळ आईच्या पोटातच असावं, हा विचार यातून जगभर गेला.

मग हाच धागा धरून साउदम्प्टनचे संशोधक आणि मुंबईचे डॉक्टर यांनी २००६ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये पुढचा प्रयोग केला. काही बायकांना लग्नानंतर, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. बाकीच्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा खाऊ. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात फारसा फरक पडला नाही, आणि हे संशोधकांनी लपवलं नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. शिवाय गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला. हे आकडे २०१४ आणि २०१६ साली परदेशी नियतकालिकांत, इंग्रजीत छापून आले.

आता मला सांगा, ‘दिवस राहिले की खायला घालू’ म्हणणाऱ्या किती सासवांपर्यंत हे पोचलं? नव्या सुनेच्या ताटात लग्न झाल्या दिवसापासून पालेभाजी आणि दूध पडायला हवं, हे आपल्याच बायकांनी आपलाच वेळ देऊन शोधायला मदत केलेलं ज्ञान आहे. ते घरी मात्र आलं नाही.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास हाती घेतला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून, व्हिनेगरसारख्या साध्या द्रावाने, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. किती मोठी गोष्ट! महागडी यंत्रं नाहीत, मोठा डॉक्टर नाही, तरी जीव वाचले.

पण निम्म्या बायका दुसऱ्या गटात होत्या. त्यांना वर्षानुवर्षं तपासणी न करता फक्त आरोग्याची माहिती दिली गेली, म्हणजे तुलना करता येईल. संमती घेताना या बायकांना पुरेसं सांगितलं नव्हतं, असा ठपका पुढे अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयानेही ठेवला. संशोधकांचं म्हणणं असं, की तेव्हा आपल्याकडे अशी तपासणी सरसकट कुणालाच मिळत नव्हती. निकालानंतर या बायकांनाही तपासणी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. दोन्ही बाजू ऐकूनही मला वाटतं, अंगठा किंवा सही देणाऱ्या बाईला ‘तुम्ही कोणत्या गटात आहात आणि दुसऱ्या गटाला काय मिळतंय’ हे तिच्या भाषेत स्वच्छ सांगायलाच हवं होतं. ती शिकलेली नसेल, पण स्वतःच्या जिवाचा हिशेब तिला कळतो.

पैसा कुणाचा, हे विचारणं का गरजेचं, याचं उदाहरण अमेरिकेत मिळतं. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हृदयविकाराचा दोष साखरेवरून काढून तुपाचरबीवर टाकणारा लेख लिहिला. त्यासाठी साखर उद्योगाने पैसे दिले होते, ही गोष्ट उजेडात आली २०१६ साली, जवळजवळ ५० वर्षांनी. आपल्याकडेही आता खासगी पैसा वाढणार आहे. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान’ नावाचं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे आणि त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून आणायचा, अशी त्यामागची कल्पना आहे. पैसा यावा, जरूर यावा. फक्त तो कुणाचा, हे दारात उभ्या असलेल्या मुलीनेही सांगितलं पाहिजे.

उत्तर परत कसं करावं, याचाही नमुना आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को आणि परदेशी संस्थांची मदत होती. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर बायका आणि एक लाखाहून जास्त ओव्या! गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदलं गेलं. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या मराठीत वाचता येतात, ऐकताही येतात. पहाटे दळणाऱ्या बाईचं नाव तिच्या नातीला मोबाइलवर सापडावं, यापेक्षा मोठी परतफेड कोणती?

आणि प्रश्न तरी नेहमी दुसऱ्यांनीच का ठरवायचे? डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला, २०१६ आणि २०२४ साली कारखान्यांत भीषण स्फोट झाले. एमआयडीसीच्या आसपास पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या छातीचं, तिच्या बाळंतपणांचं काय झालं, हा आपला प्रश्न आहे. गर्दीच्या लोकलने नोकरी करणाऱ्या गरोदर बाईचा आहे, घरी बसून पोळ्यांची ऑर्डर घेणारीच्या गुडघ्यांचाही आहे. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात आणि कल्याणात आहेत, जवळपास चांगली कॉलेजं आहेत. महिला मंडळांनी हे प्रश्न लिहून प्राध्यापकांपुढे ठेवायला काय हरकत आहे? कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याकडच्या बाळंतपणाचाच. सातासमुद्रापार जाऊन त्यांनी घरचा प्रश्न सोडला नाही.

शिकलेल्या लेकी-सुनांसाठी एक माहिती. संसारामुळे खंड पडलेल्या विज्ञान पदवीधरांना पुन्हा संशोधनात आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२ च्या सुमारास खास योजना सुरू केली. आज ‘वाइज-किरण’ या नावाखाली तशा योजना चालतात. घरात एम. एस्सी. झालेली सून असेल, तर तिला जरूर सांगा.

पुढच्या वेळी बेल वाजली की दार उघडा, पाणी द्या. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: पैसा कुणाचा, माहिती कशासाठी, आणि निष्कर्ष आमच्याकडे मराठीत कधी येणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की आरोग्याच्या संशोधनात माहिती समजेल अशा भाषेत मिळणं आणि मध्येच नाही म्हणणं हा तुमचा हक्क आहे. उत्तर नीट मिळालं नाही, तर हसून ‘नको गं’ म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही.