नऊ ते पाच, आणि घराला कुलूप

स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या विजेवर सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे सूट, आणि ती टप्प्याटप्प्याने वाढत 2030 पर्यंत एक रुपया. 1 जुलै 2025 पासूनच्या दरांबरोबर महावितरणने ही सवलत पुढे केली. सवलत खरी आहे आणि तिच्यामागचा विचारही बरोबर आहे. पण ज्या वेळेत ती मिळते, त्या वेळेत राज्यातल्या असंख्य घरांना कुलूप असते. डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठणारे जोडपे, इचलकरंजीत मागावर उभा असलेला कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांच्या घरातली वीज पेटते ती दिवेलागणीनंतर. नेमक्या त्याच वेळी वीज महाग पडते, आणि पुढेमागे जादा दर लागायचा झाला तर तोही याच वेळेला लागेल. या धोरणाकडे त्या कुलूपबंद घराच्या बाजूने पाहायला हवे.

आधी विचार बरोबर का, ते सांगितले पाहिजे. वेळेनुसार दर महाराष्ट्राला नवा नाही. उद्योगांना तो वर्षानुवर्षे लागू आहे. त्यांच्या जुन्या तक्त्यात सकाळी नऊ ते बारा युनिटमागे 80 पैसे जादा होते, संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा, आणि रात्री दहा ते पहाटे सहा दीड रुपया सूट. म्हणून कारखाने भट्ट्या रात्री पेटवत आणि तिसऱ्या पाळीत जास्त माल काढत. आता घरांना सूट मिळते ती त्या तक्त्यात महाग असलेल्या वेळेत. उलटापालट झाली ती सूर्यामुळे. दुपारी सौर वीज मुबलक येते आणि ती साठवण्याची सोय अजून तुटपुंजी आहे. चंद्रपूर किंवा कोराडीचा कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी बटण दाबून चालू करता येत नाही. तो थंड झाला की पुन्हा तापायला तास न् तास जातात. म्हणून दुपारी त्याला कमीत कमी भारावर तग धरावा लागतो आणि सूर्य मावळताच जोर लावावा लागतो.

त्या संध्याकाळच्या चार तासांसाठी आपल्याकडे सर्वांत तत्पर वीज आहे ती कोयनेची. सुमारे 1960 मेगावॉटचे हे केंद्र काही मिनिटांत चालू होते, म्हणूनच ते कमाल मागणीच्या वेळेसाठी राखून चालवतात. पण कोयनेचे पाणी अमर्याद नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. संध्याकाळी सात वाजता राज्यभरातले पंखे, टीव्ही, मिक्सर आणि वातानुकूलन यंत्रे एकदम चालू होतात, तेव्हा त्या मोजक्या पाण्यातला वाटा खाली उतरतो. दुपारच्या युनिटची किंमत आणि रात्री आठच्या युनिटची किंमत एक नाही, हे ग्राहकाला कळायलाच हवे. आजवर सर्व तासांना एकच दर लावून आपण ती गोष्ट झाकून ठेवली होती.

आता सवलतीचा हिशेब घराच्या बाजूने मांडू. साधा फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट घेतो. नऊ ते पाच या आठ तासांत त्यातला एक तृतीयांश येतो, म्हणजे महिन्याला दहा युनिट. सूट झाली आठ रुपये. कुलूपबंद घरात त्या वेळेत फ्रिजखेरीज काही चालतच नाही. गिझर नऊच्या आधी वापरून झालेला असतो. वॉशिंग मशीनची गार पाण्याची एक खेप अर्ध्या युनिटाच्याही आत आटोपते, म्हणजे ती रात्रीऐवजी दुपारी लावली तर वाचतील फार तर चाळीस पैसे. त्यासाठी दुपारी कोणीतरी घरी हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक घरांत बाईच. इस्त्री, दळण, वाटण यांची वेळ बदला म्हणणे म्हणजे तिच्या दिवसाची घडी बदला म्हणणे आहे, आणि तेही दिवसाकाठी रुपयाच्या आत. उलट दुपारभर दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालवून घरूनच काम करणाऱ्याला काहीही न बदलता दिवसाला सात-आठ रुपये सुटतात, महिन्याला दोनशेच्या वर. एकाला आठ रुपये आणि दुसऱ्याला दोनशे. दोघांपैकी एकानेही आपला वापर तासभरही सरकवलेला नाही. सवलतीचा हेतू वापर सरकवण्याचा असेल, तर हा पैसा हेतूपर्यंत पोचतच नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हे एकदा घडून गेले आहे. सिएटलच्या परिसरात वीज पुरवणाऱ्या प्युजेट साउंड एनर्जी या कंपनीने 2001 मध्ये सुमारे तीन लाख ग्राहकांना वेळेनुसार दर लावले. पश्चिम अमेरिकेत तेव्हा विजेचे भाव कडाडले होते, मीटर दुरून वाचता येत होते, आणि कंपनीचा हेतू चांगलाच होता. लोकांनी साथही दिली. भांडी धुण्याची आणि कपडे वाळवण्याची यंत्रे रात्री उशिरा लावण्याची सवय त्यांनी अंगी लावून घेतली, महागड्या तासांतली मागणी थोडी उतरली. मग 2002 च्या मध्याला मीटरवाचनाच्या खर्चापोटी महिन्याला एक डॉलर आकार सुरू झाला आणि लोकांनी बिले जुन्या पद्धतीशी ताडून पाहिली. बहुसंख्य ग्राहक जुन्या एकाच दरापेक्षा थोडे जास्तच भरत होते. रात्री जागून वाचवलेले पैसे त्या एका डॉलरला पुरत नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने योजना गुंडाळली.

तिथल्या ग्राहकांनी अंग चोरले नव्हते, उलट सांगितले ते सगळे केले. महागड्या आणि स्वस्त तासांतला फरकच इतका किरकोळ होता की केलेल्या कष्टांचे चीज होणे शक्य नव्हते, आणि हे त्यांना कळले ते वर्षभर राबल्यानंतर. आपल्याकडे चाळीस पैशांसाठी दुपारी मशीन लावायला सांगताना ही गोष्ट आठवायला हवी.

आपल्यापुढे मात्र याहून गंभीर प्रश्न उभा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून 2023 मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार शेती सोडून इतर सर्व ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत वेळेनुसार दर लागू व्हायचे होते. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी, आणि कमाल मागणीच्या तासांत उद्योग-व्यापाराला किमान 20 टक्के, इतरांना किमान 10 टक्के जास्त, अशी ती चौकट आहे. महाराष्ट्रात घरांसाठी सध्या सुटीची बाजूच पुढे आली आहे. जादा दराची बाजू मात्र नियमात बसून आहे. ती घरांपर्यंत आली तर काय होईल? ज्या घराचा निम्म्याहून अधिक वापर संध्याकाळी सहा ते दहा या वेळेतला आहे, त्याचे बिल वाढेल. दिवसभर माणसे आणि यंत्रे घरात असलेल्याचे बिल कमी होईल. शंभर युनिटांच्या आतले घर संध्याकाळी जे वापरते ते म्हणजे दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही आणि शाळेत जाणाऱ्या पोराच्या अभ्यासाचा उजेड. यातले काय ते घर रात्री अकरानंतर सरकवणार आहे? सरकवता न येणाऱ्या वापरावर लावलेला जादा दर हा निव्वळ कर होतो. त्याने कोयनेचे थेंबभर पाणीही वाचणार नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संध्याकाळचा जादा दर कधी लावायचाच असेल, तर महिन्याला तीनशे युनिटांवर वापर असलेल्या घरांनाच लावावा. संध्याकाळच्या मागणीचा डोंगर उंच करणारी यंत्रे त्याच घरांत आहेत, आणि वेळ बदलण्याची साधनेही त्यांच्याच हाती आहेत. शंभर युनिटांच्या आतल्या घराला नऊ ते पाचच्या सुटीऐवजी तेवढ्याच रकमेची सरसकट सूट द्यावी, म्हणजे दार बंद असल्याचा दंड त्याला बसणार नाही. आणि वेळेनुसार दर लागू होणाऱ्या प्रत्येक घराला पहिले वर्षभर हमी असावी, की जुन्या पद्धतीपेक्षा जास्त भरावे लागले तर फरक परत मिळेल. कॅलिफोर्नियाने घरगुती ग्राहकांना संध्याकाळी चार ते नऊ महाग असलेल्या दरांवर नेले, तेव्हा पहिल्या बारा महिन्यांसाठी अशी हमी दिली होती. आपल्याकडे तिची गरज अधिक आहे, कारण इथे विश्वासाचे भांडवलच कमी आहे. जून 2024 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट मीटर बसणार नाहीत, असे सरकारने जाहीर केले होते. पुढे प्रीपेड नसलेले स्मार्ट मीटर टीओडी (म्हणजे वेळेनुसार दराचे) मीटर या नावाने घरोघरी बसू लागले. मीटर बसवायला आलेल्या माणसाशी दारात वाद घालणाऱ्या ग्राहकाला अडाणी म्हणता येणार नाही. त्याला एक सांगितले गेले आणि दुसरे घडले. त्याचा विश्वास परत मिळवायचा तर बिलावर दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत, वेळेनुसार दराने झालेली रक्कम आणि जुन्या दराने झाली असती ती रक्कम. स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्काच्या गर्दीत सुटीची एक ओळ कोणाला दिसत नाही.

वापर सरकवणे या राज्यात अशक्य आहे, असे मात्र नाही. तो सरकला आहे, आणि मोठ्या प्रमाणावर सरकतो आहे, शेतीत. वर्षानुवर्षे शेतकऱ्याला पाळीने रात्रीची वीज मिळत असे. थंडीत मध्यरात्री उठून, साप-विंचू आणि बिबट्याची भीती घेऊन तो मोटर चालू करायला जात असे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळ सौर प्रकल्प उभे राहिले की शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देता येते. हा बदल शेतकऱ्याला पैशांची सूट देऊन वेळ बदलायला सांगण्याने होत नाही. विजेची वेळच बदलते, आणि माणसाचे आयुष्य सोपे होते. घरांच्या बाबतीतही असेच काम करता येईल अशा जागा आहेत, पण त्या घराच्या उंबरठ्याबाहेर आहेत.

विजेवर चालणारी स्कूटर घ्या. तिची बॅटरी भरायला तीनेक युनिट लागतात, म्हणजे दुपारी भरली तर अडीच रुपयांची सूट. घरगुती वापरात सहज सरकवता येईल अशी ही सर्वांत चांगली वस्तू. पण नऊ ते पाच स्कूटर असते कार्यालयाच्या किंवा स्टेशनच्या वाहनतळावर, आणि घरच्या मीटरची सूट तिथे लागू होत नाही. ती संध्याकाळी सात वाजता घरी येते आणि कमाल मागणीच्याच वेळी भिंतीला जोडली जाते. दुपारची स्वस्त वीज वाहनतळांवर त्याच दराने मिळेल अशी व्यवस्था राज्य वीज नियामक आयोगाने केली, तर हजारो बॅटऱ्यांचा भार संध्याकाळवरून उतरेल.

दुसरी जागा आहे गृहनिर्माण संस्थांचे पंप. जमिनीतल्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास चालला तर आठ-नऊ युनिट घेतो. बहुतेक इमारतींत तो सकाळी आणि संध्याकाळी चालतो, कारण पाणी संपत आले की रखवालदार बटण दाबतो. तो दुपारी दोन वाजता चालवला तर रहिवाशांच्या दिवसात काडीचाही फरक पडत नाही. साधा टायमर पुरतो. शहरागणिक अशा इमारती हजारोंनी आहेत. त्यासाठी गच्चीवरची टाकी थोडी मोठी लागेल, आणि संस्थेच्या सामाईक मीटरवर ही सूट ठळकपणे सांगावी लागेल.

पण जिथे जमिनीत टाकी नाही, तिथे पंप चालतो तो नळाला पाणी येईल तेव्हा. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्या वेळी गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. ती वेळ ग्राहक ठरवत नाही, महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग ठरवतो. पाण्याच्या वेळापत्रकातले शक्य तितके वाटप सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत बसवले, तर लाखो छोट्या मोटरींचा भार एकाच निर्णयाने सूर्याच्या वेळेत येईल. त्यासाठी शहराला साठवण टाक्या वाढवाव्या लागतील. आणि घरी कोणी नसलेल्यांसाठी सुटीच्या दिवशीची पाळी ठेवावी लागेल, नाहीतर विजेची अडचण सोडवताना त्यांचे पाणीच जाईल. राज्य वीज नियामक आयोगाने घरगुती दरांच्या पुढच्या सुनावणीला ग्राहक संघटनांबरोबर या महापालिकांच्या पाणीपुरवठा अभियंत्यांनाही समन्स काढून बोलवावे, आणि त्यांचे वेळापत्रक विजेच्या तक्त्याशेजारी ठेवून प्रश्न विचारावेत.