बेवड

"बेवड" हा शब्द हल्ली कानावर येतो का हो तुमच्या? आधीचं पीक जमिनीत काय ठेवून गेलं, हे आमच्या सांगलीकडचे जुने शेतकरी या तीन अक्षरांत सांगत. हरभऱ्याचा बेवड म्हणजे पुढच्या पिकाची निम्मी काळजी मिटली! द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. मुळं नि पाला रानातच कुजला की त्यातला काही पुढच्या पिकालाही मिळतो. तुरीची मुळं तर खोल जातात, त्या वाटांनी पाणी मुरतं.

आता मात्र लागण, खोडवा, पुन्हा लागण. ऊस तुटला की पाचट पेटवायचं आणि वर युरिया. परवा पुतण्याला म्हटलं, एकदा तरी ताग कर. तो म्हणाला, "काका, हंगाम मोकळा घालवून पोरांची फी कुठनं भरू?" त्याचं खोटं नाही. पेन्शनीवर बसून उपदेश करणं सोपं असतं.

पण हंगाम मोकळा घालवा असं म्हणतंय कोण? आडसाली उसाच्या दोन ओळींमधल्या जागेत ताग पेरता येतो. सहा-सात आठवड्यांनी, फुलावर यायच्या आत, तिथेच गाडायचा. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरलं तर माती झाकलेली राहते, ओल टिकते. खर्च काय तो बियाण्याचा नि मजुरीचा. अर्धा एकर तरी करून बघ म्हटलंय त्याला, बियाणं मी आणून देतो. अजून "हो" म्हणालेला नाही.