मातोश्री राधाबाई

पुण्यास शनिवारवाडा पाहावयास आलेला मनुष्य दिल्ली दरवाजापाशीं उभा राहून बाजीरावांच्या स्वाऱ्यांची आठवण करितो. ज्या माउलीच्या वडीलकीखालीं त्या वाड्यांतील संसार चालला, तिची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आणि झालीच तर ती नाटकांतील किंवा २०१५ सालच्या बोलपटांतील करड्या सासूच्या रूपानें होते. ह्या महिन्याच्या सदरास आम्हीं मातोश्री राधाबाईंचें चरित्र घेतलें आहे, तें हा अन्याय थोडाबहुत दूर व्हावा म्हणून. आणि खरें सांगावयाचें तर, तो सर्वस्वी अन्यायच आहे कीं काय, हें आमचें आम्हांसच पडताळून पाहावयाचें आहे म्हणूनहि.

राधाबाई ह्या बर्व्यांच्या कन्या; श्रीवर्धनकर भटांच्या घरीं दिलेल्या. सिद्दीच्या जाचामुळें बाळाजी विश्वनाथांस कोंकण सोडून घाटावर यावें लागलें, तेव्हां चाललेलें घर मोडून परमुलुखांत नवें मांडण्याचें काम त्यांच्याच वांट्यास आलें. पुढें पेशवाई आली, आणि १७२० सालीं सासवडास बाळाजीपंतांचा अंत झाला. वडील मुलगा वीस वर्षांचाहि पुरा झाला नव्हता. त्या वयांत त्यानें पेशवाईचीं वस्त्रें घेतलीं. तेव्हांपासून बाजीरावांचें आयुष्य बहुतेक घोड्यावर गेलें. चिमाजी आप्पांचेंहि तसेंच. पुरुष मोहिमेवर, आणि मुलें, सुना, लेकी-जांवई, देवधर्म, आल्यागेल्याचें आतिथ्य हें सारें मातोश्रींकडे. १७३० सालीं आप्पांची पहिली पत्नी रखमाबाई, मूल अगदीं तान्हें असतांनाच, वारली. तें पोर आजीच्या मांडीवर वाढलें. सदाशिवरावभाऊ तो हाच.

राधाबाईंच्या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांची काशीयात्रा. १७३५ च्या फेब्रुवारींत त्या पुण्याहून निघाल्या, त्या १७३६ च्या जूनमध्यें परत आल्या. म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक काळ ही म्हातारी प्रवासांत होती. एका दिवसारात्रींत आगगाडीनें काशी गांठणाऱ्या आणि तेवढ्यानेंहि कंबर धरणाऱ्या आम्हां मंडळींनीं त्या वाटेचें नुसतें वर्णन वाचावें. बऱ्हाणपूर, उदेपूर, नाथद्वार, जयपूर, मथुरा-वृंदावन, कुरुक्षेत्र, मग प्रयाग, काशी आणि गया. ज्या मुलुखांतून त्या गेल्या त्यांतल्या कित्येकांशीं मराठ्यांचें वैर होतें किंवा उद्यां होण्यासारखें होतें. पण उदेपूरच्या राण्यांनीं त्यांचा सत्कार केला, सवाई जयसिंगांनीं त्यांना आदरानें ठेवून घेतलें, आणि ज्या महंमदखान बंगषाचा छत्रसालाच्या साह्यास धांवून बाजीरावांनीं १७२९ सालीं पराभव केला होता, त्यानेंहि शत्रूच्या आईस मानानें वागविलें. बाजीराव स्वतः १७३६ च्या आरंभीं राजपुतान्यांत गेले व जयसिंगांस भेटले. मातोश्रींच्या यात्रेनें त्यांची वाट आधींच सोपी करून ठेविली होती, असें इतिहासकार लिहितात.

हें आम्हांस मान्य आहे. परंतु ही यात्रा म्हणजे केवळ राजकारणाचा डाव, असें कोणीं म्हटलें तर तें पटत नाहीं. यात्रेचा उपयोग मुलांनीं केला असेल. यात्रा आईची होती. गयेस पतीला पिंड मिळावा, ही त्या काळच्या कोणत्याहि विधवेच्या मनांतली शेवटची मोठी इच्छा. शत्रूच्या सरदारांनीं वाट मोकळी केली ती पेशव्यांच्या फौजेस भिऊन तर खरीच, पण यात्रेस निघालेल्या म्हाताऱ्या आईस अडविण्याची लाज वाटून नव्हेच, असें कोण म्हणेल?

आतां ज्या भागापाशीं आमची लेखणी अडखळते तो. मस्तानीचें प्रकरण वाचकांस ठाऊक आहेच. १७४० च्या आरंभीं घरांत कार्यें निघालीं, आणि बाजीराव व मस्तानी हजर असतील तर आम्ही पौरोहित्य करणार नाहीं, अशी भूमिका ब्राह्मणांनीं घेतली. बाजीराव स्वारीवर असतां मस्तानीस अटकेंत ठेवण्यांत आलें. ठेविलें तें आप्पांनीं व नानासाहेबांनीं. पण घरांतील सर्वांत वडील माणसाच्या संमतीवांचून एवढी गोष्ट झाली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या श्रद्धेनें त्या गयेपर्यंत चालत्या झाल्या, तीच श्रद्धा इथें दाराला कडी घालून उभी राहिली. तींतलें एक घेऊन दुसरें टाकावें, असें चरित्रकाराला करतां येत नाहीं. आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एक आजी होऊन गेली आहे, जिच्या सोंवळ्यानें कोणाला तरी ओसरीवरून आंत येऊं दिलें नाहीं, आणि जिच्या हातचा घांस आठवून आज साठीच्या माणसाचेहि डोळे भरून येतात. त्या आजीवर आम्हीं प्रेम केलें. ओसरीवर बसलेल्या माणसाला काय वाटलें, हें मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

पुढचें सारें एका वर्षांतलें. २८ एप्रिल १७४० रोजीं रावेरखेडीस, नर्मदेकांठीं, बाजीराव गेले. त्यांच्या पाठोपाठ मस्तानी गेली. डिसेंबरांत चिमाजी आप्पा गेले, आणि त्यांची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. आठ महिन्यांत दोन्ही मुलगे! राधाबाई त्यानंतर तेरा वर्षें जगल्या. देवपूजा चालली, घर चाललें, नातवाची पेशवाई चालली. मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर आईबाप गेले तेव्हां पांचसहा वर्षांचा होता. तो परका झाला नाहीं. पेशव्यांच्याच कुटुंबांत वाढला व त्यांचाच सरदार झाला. आईला ज्या घरीं जागा मिळाली नाहीं, त्याच घरीं पोराला मिळाली.

१७५३ सालीं राधाबाई निवर्तल्या. आठ वर्षांनीं भाऊसाहेब पानपतास पडले, आणि त्याच लढाईंत झालेल्या जखमांनीं समशेर बहाद्दरहि गेला. ती बातमी ऐकण्याची पाळी देवानें त्या म्हातारीवर आणिली नाहीं.