वर्ग कसा आहे, ते मुलांनाही विचारा

‘पोरांना काय विचारायचं? जे सर मारत नाहीत, त्यांनाच ती चांगलं म्हणणार!’ वर्गातलं वातावरण मुलांच्या नजरेतून मोजायचं म्हटलं की हा आक्षेप ठरलेला. पाठोपाठ दुसरा : ऑनलाइन माहिती भरून आधीच कंबरडं मोडलंय, त्यात आणखी एक फॉर्म!

दुसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. पहिला मात्र ऐकीव समजुतीवर उभा आहे. ‘सर आवडतात का?’ असं कोणी विचारतच नाही. विचारायचं ते घडणाऱ्या गोष्टींबद्दल : सर माझी वही बघतात का, मला गटात घेतात का, शंका विचारली तर वर्ग हसतो का. अमेरिकेत वॉल्बर्ग आणि मूस या संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या मोजणीचा पाया घातला. ऑस्ट्रेलियात बॅरी फ्रेझर यांनी ती पुढे नेली : वर्ग आहे कसा आणि हवा कसा, हे दोन्ही विचारायचं, मुलांनाही आणि शिक्षकांनाही. फ्रेझर आणि त्यांचे सहकारी फिशर यांना १९८३च्या अभ्यासात दिसलं, की तोच वर्ग शिक्षकांना मुलांपेक्षा बरा वाटतो. यात शिक्षकाचा खोटेपणा नाही. फळ्याजवळून शेवटची रांग नीट दिसत नाही, एवढंच.

आणि आपल्याकडे त्या शेवटच्या रांगेत कोण बसतं? दौंडच्या ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर बीड-नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात येतात आणि गाळपाचा हंगाम संपला की जातात. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांमुळे घरी हिंदी बोलणारी मुलं मराठी शाळेत बसतात. ‘आमच्या वर्गात सगळे मिळून काम करतात’ याला वर्ग ‘हो’ म्हणेल, सरासरी झकास निघेल. ‘मला गटात घेतात’ याला फडावरून आलेली मुलगी काय लिहील? म्हणून प्रश्न ‘मी’चा हवा. सरासरीवर समाधान मानणारी मोजणी न केलेलीच बरी.

शाळा स्वतःचं मूल्यमापन करते खरी, पण त्याचा सूर बहुतेक मोठ्यांचाच असतो; त्या मुलीचा आवाज त्यात येत नाही.

तेव्हा शिरूर-दौंडच्या शिक्षकांना विनंती : दुसऱ्या सत्रात दहा प्रश्न, एक कागद, नाव न लिहिता. तेच दहा प्रश्न स्वतःही सोडवा, आधी. वाचता न येणाऱ्यांना तोंडी विचारा, हिंदीत विचारावं लागलं तर हिंदीत. कागद तुमच्या कपाटात ठेवा. केंद्रप्रमुखांनी मागितले तरी देऊ नका.