ठाऊक असलेला शेवट

एकच कविता शंभर वेळा वाचणाऱ्याला आपण रसिक म्हणतो. एकच चित्रपट दहाव्यांदा पाहणाऱ्याला मात्र रिकामटेकडा ठरवतो. या भेदामागे एक गृहीतक दडलेले आहे. चित्रपट म्हणजे त्याची गोष्ट, आणि गोष्ट एकदा कळली की चित्रपट संपला, असे आपण मानून चाललो आहोत. साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी तरी हे गृहीतक पत्करू नये, असे आम्हांला वाटते. कारण वर्गात कादंबरीच्या जागी तिचा सारांश आणून बसवणारे गृहीतक हेच आहे.

वास्तविक आपल्या परंपरेला ते परकेच आहे. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे बुवांइतकेच ठाऊक असे. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला पद पाठ असे, आणि पाठ असे म्हणूनच तो 'वन्समोअर' मागे. आपल्या चित्रपटाचा आरंभही असाच, सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीपासून झाला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली मूकपटासाठी हरिश्चंद्राची कथा निवडली, आणि प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला तोही त्याच कथेवर. पुढे काय होणार ही उत्सुकता त्या प्रेक्षकांना तिथे घेऊन जात नव्हती. ठाऊक असलेले आता कसे घडते, हे पाहण्यासाठी ते जात होते.

तथापि सगळे पुनर्दर्शन एकाच जातीचे नसते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. त्यातले विनोद कोणत्या क्षणी येणार हे मराठी घराघरांत ठाऊक आहे, आणि तरीही घरातली सगळी माणसे एकत्र बसून तो पाहतात. हे पाहणे सुखाचे आहे. सणाला तेच पदार्थ करण्यात जे सुख असते त्या जातीचे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट हसू सवयीचे झाले की हसण्याखालचे काही दिसू लागते. पुण्यात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून चौघांपैकी दोघांना बायकोचे सोंग घ्यावे लागते, ही मूळ परिस्थिती मुळीच हास्यास्पद नाही. प्रथम दर्शनी सोंग दिसते; टंचाई दिसायला दुसरी-तिसरी वेळ यावी लागते.

परंतु आम्ही वारंवार ज्याच्याकडे वळतो तो चित्रपट सुखासाठी पाहावा असा नाही. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखानदारीवर आपले साम्राज्य उभे करणारा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) एका दारुड्या, भणंग मास्तरला (श्रीराम लागू) आपल्याकडे ठेवून घेतो. मास्तर एके काळचा स्वातंत्र्यसैनिक आणि गांधीवादी. त्याच्या कानी मारुती कांबळे हे नाव पडते, आणि त्या माणसाचे काय झाले हा प्रश्न तो विचारू लागतो. विचारतच राहतो.

पहिल्या वेळी आपणही मास्तरसोबत त्या प्रश्नाचा माग काढतो. हे रहस्यकथेचे पाहणे झाले. दुसऱ्या वेळी उत्तर ठाऊक असते, आणि चित्रपटाचा पूर्वार्ध आतून बदललेला असतो. हिंदुरावाचा पाहुणचार, त्याचे ऐसपैस हसणे, आपण उभारलेले वैभव कौतुकाने दाखवणे, हे सारे आधी मोकळेपणाचे वाटले होते. आता त्याच्या प्रत्येक औदार्याखाली एक मृत्यू आहे हे आपण विसरू शकत नाही. निळू फुल्यांच्या अभिनयाची थोरवी इथेच प्रत्ययाला येते. हिंदुराव खलनायक असल्याची खूण ते आधीच देऊन ठेवत नाहीत. त्यांचा हिंदुराव खरोखरच अगत्यशील आहे, आणि ते अगत्य खोटे नसणे हेच अधिक भयावह आहे.

तिसऱ्या वेळी नजर मास्तरकडे जाते. ज्याला जाब विचारायचा त्याचेच अन्न तो खातो, त्याचीच दारू पितो. ही अडचण आम्हां शिक्षकांना परकी नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालये सहकारातून पुढे आलेल्या नेतृत्वाने उभी केली, आणि त्यांच्यामुळेच अनेक घरांतली पहिली पिढी शिकली. 'सामना' हे कर्तृत्व नाकारत नाही. कर्तृत्वाच्या मिठाला जागून प्रश्न गिळावा काय, एवढेच तो विचारतो. मास्तर गिळत नाही. त्याच्यापाशी सत्ता नाही, पुरावा नाही, प्रतिष्ठाही नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारणे एवढेच त्याच्या हाती आहे. पुनरुक्ती हेच त्याचे शस्त्र, आणि म्हणूनच पुन्हा पाहण्याची मागणी करणारा हा चित्रपट आहे असे आम्ही म्हणतो.

'सामना'नंतर 'सिंहासन' (१९७९) पाहावा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची, आधार अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांचा. इथे तेच दोन नट जागा बदलून उभे आहेत. लागू मुख्यमंत्र्यांविरुद्ध डाव रचणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले आहेत, आणि निळू फुले सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेचा चेहरा साक्षीदाराला मिळाला आहे, साक्षीदाराचा सत्तेला. मास्तरजवळ निदान एक प्रश्न होता. दिगूला सर्व काही माहीत आहे, आणि अखेरीस त्याच्याजवळ वेडसर हसण्यापलीकडे काही उरत नाही. हे दोन चित्रपट सुटे पाहिले तर ही अदलाबदल केवळ पात्रयोजनेतील योगायोग वाटते. लागोपाठ, पुनःपुन्हा पाहिले की त्या चार-पाच वर्षांत प्रश्न विचारण्यावरचा विश्वास किती आटला, हे दोन चेहऱ्यांवर वाचता येते.

येथे एक धोका नोंदवला पाहिजे. 'सामना'तला तो प्रश्न आज म्हणीसारखा झाला आहे. कुणी गैरहजर राहिले की तो थट्टेने विचारला जातो, राजकीय भाषणांत टाळ्यांसाठी येतो, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातही फिरतो. आमच्या विद्यार्थ्यांना प्रश्न पाठ असतो; मारुती कोण होता, हे विचारले तर वर्ग गप्प होतो. तो फौजेतून गावी परतलेला होता, मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली होती, 'कांबळे' या आडनावातून मराठी प्रेक्षकाला त्याची सामाजिक जागा ऐकू यावी अशी ती योजना होती, यांपैकी काहीच उरलेले नसते. ही पुनरावृत्ती शोध घेणारी नाही. ती झिजवणारी आहे. मास्तरने जो प्रश्न विचारून विचारून जिवंत ठेवला, तोच आपण म्हणून म्हणून गुळगुळीत केला. गावाने मारुतीला एकदा विसरून दाखवले होते. आपण त्याचे नाव घेत घेत तेच करतो आहोत.

यावर उपाय साधाच आहे. चित्रपट तुकड्यांत न दाखवता अखंड दाखवावा, आणि महिन्याभराने तोच पुन्हा दाखवावा. पहिल्या वेळेनंतर विद्यार्थ्यांकडून कथानक लिहून घ्यावे. दुसऱ्या वेळेनंतर मात्र मारुती कांबळेविषयी आपल्याला नेमके काय काय सांगितले गेले, कोणी सांगितले आणि कोण गप्प बसले, एवढेच लिहायला सांगावे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की पुन्हा पाहणे कशासाठी, हे शिक्षकाने वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.