वसलेल्या देशाचा ‘शोध’

कॅप्टन कुक यानें ऑस्ट्रेलियाचा शोध लाविला, हें वाक्य आम्हीं लहानपणीं घोकलें आणि आजहि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून तें आम्हांस भेटतें. कुकच्या कितीतरी आधीं, १६०६ सालीं, यान्सझोन हा डच नावाडी त्या भूमीच्या किनाऱ्यास लागला होता, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देऊं. परंतु जेथें निदान पन्नास हजार वर्षें मनुष्यवस्ती आहे, त्या देशाचा शोध लागला म्हणजे काय झालें? घरधनी ओसरीवर बसला असतां वाटसरूनें आंत शिरावें आणि आपणांस घर सांपडलें अशी दवंडी पिटावी, त्यांतलाच हा प्रकार!

यावर आमचे कांहीं विद्वान् मित्र म्हणतात कीं, अठराव्या शतकांतील माणसांस आजच्या मापानें मोजणें हा अन्याय होय. ठीक आहे, त्यांच्याच मापानें मोजूं. १७६८ सालीं कुक निघाला तेव्हां त्याच्याजवळ आरमारखात्याची गुप्त आज्ञा होती. दक्षिणेकडील भूमि सांपडल्यास रहिवाशांच्या संमतीनें तेथील सोयीच्या जागा ताब्यांत घ्याव्या; देश निर्मनुष्य असेल तर मात्र खुशाल राजाच्या नांवें घ्यावा, असें तींत लिहिलें होतें. २९ एप्रिल १७७० रोजीं बॉटनी बे येथें होड्या किनाऱ्यास येऊं लागल्या, तेव्हां भाले घेतलेले दोन पुरुष त्यांस आडवे आले. कुकनें बंदूक झाडली. छरे एकास लागले, तरी त्यानें ढाल उचलून धरली. ही हकीकत कुकच्याच रोजनिशींत आहे. यास संमति म्हणावयाचें, कीं देश निर्मनुष्य होता असें म्हणावयाचें? आणि तरीहि २२ ऑगस्ट रोजीं एका लहानशा बेटावर निशाण उभारून त्यानें सारा पूर्वकिनारा तिसऱ्या जॉर्जच्या नांवें करून टाकिला!

वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स त्या वेळीं कुकबरोबरच होता. १७७९ सालीं त्यानें पार्लमेंटच्या समितीस सांगितलें कीं, बॉटनी बेच्या आसपास पन्नासांहून अधिक माणसें नसावींत, विरोध फारसा होणार नाहीं. अमेरिकेंतील वसाहती बंड करून उठल्यामुळें कैदी पाठविण्यास सरकारला जागा हवीच होती. मे १७८७ मध्यें अकरा जहाजें सातशेंहून अधिक कैदी घेऊन पोर्ट्स्मथहून निघालीं. बॉटनी बेला पाणी अपुरें, बंदर उघडें. म्हणून गव्हर्नर फिलिपनें २६ जानेवारी १७८८ रोजीं सिडनीच्या खाडीवर निशाण लाविलें. तेथून ब्रोकन बेपर्यंतच्या टापूंत, बॉटनी बे धरून, दीड हजारांहून कमी लोक नसावेत, असा अंदाज त्याच वर्षीं त्यानें कळविला. पुढच्या वर्षीं देवीची सांथ आली. तींत आसपासचे निम्मे रहिवासी दगावले, हेंहि त्याचेंच अनुमान.

भूमि कोणाचीच नव्हती, ही कल्पना ऑस्ट्रेलियांतील सर्वांत वरिष्ठ न्यायालयानें ३ जून १९९२ रोजीं फेटाळिली. मरे बेटांवरील एडी माबो यानें तो दावा दहा वर्षें लढविला होता. निकालाच्या वर्षींच, जानेवारींत, तो वारला. या वर्षीं परीक्षकांच्या बैठकींत ‘शोधा’च्या त्या वाक्यास गुण देऊं नयेत असें आम्हीं सुचविलें, तेव्हां पुस्तकांत तसेंच छापलें आहे, असें एका सहकाऱ्यानें उत्तर दिलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मग तें पुस्तक बदलावें.